१७६३ चा नकाशा वर्गात काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्तवार्षिक युद्धानंतर (१७५६-१७६३; एका बाजूला ब्रिटन, दुसऱ्या बाजूला फ्रान्स आणि स्पेन) उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींच्या सीमा कशा बदलल्या, हे मुलांकडून नकाशा काढून घेत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे पान आहे. आठवी ते दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे. अमेरिका-कॅनडात शिकणाऱ्या मराठी मुलांना हा विषय शाळेत हमखास भेटतो, तेव्हा त्यांच्या पालकांनाही याचा उपयोग होईल. आमचा आग्रह एकच आहे: रंगीत पेन्सिल हातात घेण्याआधी कराराचं कलम वाचायचं. तयार नकाशा पाहून रंग भरणारा मुलगा रंग लक्षात ठेवतो. कलमातून रेषा शोधणाऱ्याला मात्र ती रेषा तिथेच का पडली, हे कळतं.

हेच युद्ध का निवडायचं?

कारण यातल्या बहुतेक सीमा नद्यांवरून ठरल्या, त्यामुळे मुलांना त्या स्वतः शोधता येतात. १० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिस करारातली सीमांची कलमं मोजकी आहेत आणि त्यांची भाषा नववीच्या मुलाला समजावता येण्याजोगी आहे. बदलही ठळक आहे: सेंट लॉरेन्स नदीपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेला फ्रान्स या खंडाच्या मुख्य भूमीवरून पूर्ण नाहीसा होतो.

शिवाय हेच युद्ध आपल्याकडेही लढलं गेलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं आणि लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. पानिपतची तारीख मुलांना पाठ असते. तिच्या शेजारी पाँडिचेरी लिहा, म्हणजे काळाचं भान आपोआप येतं.

उत्तर अमेरिकेतल्या लढाईला तिकडे ‘फ्रेंच अँड इंडियन वॉर’ म्हणतात. यातले ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी, हे पहिल्याच तासाला सांगून टाका.

‘आधीचा’ नकाशा कोणत्या वर्षाचा घ्यायचा?

१७५४ चा. युरोपात युद्ध जाहीर झालं १७५६ मध्ये, पण ओहायो खोऱ्यात चकमकी मे १७५४ मध्येच सुरू झाल्या होत्या. १७५६ चा नकाशा घेतला तर ज्या प्रदेशावरून भांडण पेटलं, तिथे तोवर फ्रेंच किल्ले उभे राहिलेले दिसतात आणि वादच समजत नाही.

१७५४ च्या थरावर, म्हणजे पाया-नकाशावर ठेवायच्या ट्रेसिंग पेपरवर, दाखवायचं ते असं. ब्रिटिशांकडे तेरा वसाहती, नोव्हा स्कोशियाचं द्वीपकल्प, न्यूफाउंडलंड आणि हडसन उपसागराभोवतीचा प्रदेश. फ्रेंचांकडे कॅनडा, केप ब्रेटन (लुईबर्ग किल्ल्यासह), आजचं प्रिन्स एडवर्ड बेट आणि लुईझियाना. स्पेनकडे फ्लोरिडा, क्युबा आणि न्यू स्पेन. ओहायो खोऱ्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच अशा दोन्ही रंगांच्या तिरप्या रेघा मारा. तिथे एकच रंग भरला की अर्धा धडा हातचा गेला.

साहित्य काय आणि किती लागतं?

चाळीस मुलांच्या वर्गात चौघांचा एक असे दहा गट करा. प्रत्येक गटाला ए-३ आकाराचा एक पाया-नकाशा आणि त्याच मापाचे तीन ट्रेसिंग पेपर. म्हणजे दहा पाया-नकाशे, तीस ट्रेसिंग पेपर, वर पाचेक जास्तीचे. ट्रेसिंग पेपर ९०-९५ जीएसएमचा घ्या. स्वयंपाकघरातला बटर पेपर स्वस्त पडतो, पण स्केच पेन लागलं की तो आकसतो आणि थर एकमेकांवर बसत नाहीत.

पाया-नकाशावर फक्त किनारा, नद्या, सरोवरं आणि अक्षांश-रेखांश हवेत. आजच्या राज्यांच्या सीमा चुकूनही नकोत. त्या दिसल्या की मुलं पेन्सिल त्यांवरूनच फिरवतात. विस्तार १५° ते ६०° उत्तर आणि ५०° ते १००° पश्चिम एवढा पुरतो. १ सेंमीला २०० किमी हे प्रमाण धरलं तर एवढा भाग ए-३ वर समास सोडून बसतो.

या प्रमाणात १ मिमी म्हणजे २० किमी. जाड स्केच पेनची रेघच तेवढ्या रुंदीची होते, म्हणून सीमा टोकदार एचबी पेन्सिलीने काढायची आणि रंग ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूने भरायचा. मागून रंगवल्याने पुढची रेघ फिसकटत नाही, आणि चुकली तर रंग न बिघडवता खोडता येते.

पाया-नकाशाच्या चारही कोपऱ्यांत बारीक अधिकचिन्हं छापून घ्या. प्रत्येक थरावर मुलांनी सर्वांत आधी ती गिरवायची. हे राहिलं तर तिसऱ्या तासाला थर जुळवताना मिसिसिपी टेक्ससमध्ये जाते.

किती तासिका लागतात?

चाळीस मिनिटांच्या चार. पहिल्या तासिकेत नद्यांची ओळख आणि अधिकचिन्हं. दुसरीत १७५४ चा थर. तिसरीत पॅरिस कराराचा थर. हीच सर्वांत जड, हिला पाच-दहा मिनिटं जास्त मिळाली तर घ्याच. चौथीत ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेचा (ब्रिटिश राजाच्या घोषणेचा) थर आणि चर्चा. तीनच तासिका मिळत असतील तर १७५४ चा थर तयार द्या, पण कराराचा थर मुलांकडूनच काढून घ्या.

कलमातून रेषा काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सीमांशी संबंधित कलमांचा सोप्या मराठीत सारांश करून प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी बनवा. गटातला एक जण वाचेल, दुसरा पाया-नकाशावर बोट ठेवून जागा शोधेल, तिसरा रेघ ओढेल आणि चौथा कलमाचा क्रमांक रेघेच्या कडेला लिहील. कलमाचा क्रमांक नसलेली रेघ नकाशावर राहता कामा नये, हा नियम कडक ठेवा.

चौथं कलम: फ्रान्स कॅनडा, केप ब्रेटन आणि सेंट लॉरेन्सच्या आखातातली बेटं ब्रिटनला देतो. सहावं: सेंट पिएर आणि मिकलॉन ही दोन छोटी बेटं मासेमारांच्या आसऱ्यासाठी फ्रान्सकडे राहतात, तिथे तटबंदी करायची नाही आणि पहाऱ्याला पन्नासच माणसं ठेवायची. ही बेटं आजही फ्रान्सची आहेत. आपल्या प्रमाणात ती जेमतेम ठिपक्याएवढी दिसतात, पण तो ठिपका फ्रान्सच्या निळ्या रंगाचा हवाच.

सातवं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. सीमा मिसिसिपीच्या मध्यातून, तिच्या उगमापासून इबरव्हिल नदीपर्यंत. तिथून इबरव्हिलच्या मध्यातून आणि मोरपा व पाँचरट्रेन या सरोवरांतून समुद्रापर्यंत. ‘उगमापासून’ या शब्दाशी वर्गाला थांबवा. करार करणाऱ्यांना मिसिसिपीचा उगम कुठे आहे हे ठाऊकच नव्हतं. इटास्का सरोवर हा उगम म्हणून नक्की झाला १८३२ मध्ये. तेव्हा साधारण ४५° उत्तरेच्या वर रेषा तुटक काढा आणि सूचीत लिहा: ‘कराराच्या वेळी अज्ञात’.

विसावं कलम: स्पेन फ्लोरिडा ब्रिटनला देतो. का देतो, हे एकोणिसाव्यात आहे. ऑगस्ट १७६२ मध्ये ब्रिटिशांनी हवाना जिंकलं होतं, ते परत मिळावं म्हणून. या दोन चिठ्ठ्या एकाच गटाला एकामागून एक द्या. क्युबाला आधी ब्रिटिश रंग लागतो, मग तो खोडावा लागतो आणि त्या बदल्यात फ्लोरिडाचा रंग पालटतो. सौदा म्हणजे काय ते खोडरबरामुळे पक्कं समजतं.

न्यू ऑर्लिन्स मिसिसिपीच्या पूर्वेला असूनही ब्रिटनला का मिळालं नाही?

मुलांची सर्वांत जास्त चूक इथे होते. ‘मिसिसिपीच्या पूर्वेचं सगळं ब्रिटनचं’ हे वाक्य पाठ असतं आणि ब्रिटनचा गुलाबी रंग सरसकट समुद्रापर्यंत जातो. सातव्या कलमातली रेषा बॅटन रूजच्या थोडं दक्षिणेला मिसिसिपी सोडून पूर्वेकडे वळते. त्यामुळे नदी आणि सरोवरं यांच्यामधला न्यू ऑर्लिन्सचा पट्टा बाहेर राहतो. नदीच्या तोंडावरचं बंदर फ्रान्सने राखून ठेवलं; नदीतून ये-जा करायला मात्र दोघांनाही मुभा होती.

१ सेंमीला २०० किमी या प्रमाणात हा पट्टा नीट दिसत नाही. कोपऱ्यात १ सेंमीला २० किमीचा छोटा नकाशा काढा. इबरव्हिल आज बायू मँचॅक या नावाने ओळखली जाते आणि मिसिसिपीकडचं तिचं तोंड बंद झालेलं आहे. उपग्रहाच्या चित्रावर जोड शोधत बसलेल्या मुलाला हे सांगा, नाहीतर त्याला कलमच चुकीचं वाटेल.

मग मिसिसिपीच्या पश्चिमेला कोणता रंग?

स्पेनचा, पण पॅरिस करारामुळे नाही. ३ नोव्हेंबर १७६२ ला फाँतेनब्लो इथे झालेल्या गुप्त करारात फ्रान्सने न्यू ऑर्लिन्ससह हा भाग स्पेनला देऊन टाकला होता. तिथल्या रहिवाशांना ते कळलं १७६४ मध्ये आणि स्पॅनिश गव्हर्नर येऊन पोहोचला १७६६ मध्ये. फेब्रुवारी १७६४ मध्ये फ्रेंच व्यापाऱ्यांनी नदीच्या पश्चिम काठावर सेंट लुईस वसवायला घेतलं, ते कागदोपत्री स्पेनच्या जमिनीवर.

स्पेनचा पिवळा रंग भरा, त्यावर निळ्या तिरप्या रेघा मारा आणि सूचीत लिहा: ‘मालकी स्पेनची, प्रत्यक्षात फ्रेंच कारभार’. पश्चिमेची कड उघडी सोडा. लुईझियानाची पश्चिम सीमा तेव्हा कुणीही आखलेली नव्हती. तिथे रेघ मारली तर ती आपल्या मनची होईल.

राजघोषणेची रेषा अ‍ॅपलाचियन पर्वताच्या शिखरांवरून काढायची का?

नाही. ही चूक पुष्कळ छापील नकाशांतही सापडते. ७ ऑक्टोबर १७६३ ची घोषणा शिखरांबद्दल बोलत नाही. पश्चिमेकडून आणि वायव्येकडून अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांच्या उगमांपलीकडची जमीन वसाहतवाल्यांनी घ्यायची नाही, असं ती सांगते. म्हणजे ही जलविभाजक रेषा आहे.

जलविभाजक म्हणजे काय ते सह्याद्रीवरून समजवा. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते आणि तिथलीच सावित्री अरबी समुद्राला. दोघींच्या उगमांमधून जी रेघ जाईल, तशीच रेघ इथे हवी आहे.

पाया-नकाशावर अटलांटिकला जाणाऱ्या नद्या निळ्या पेन्सिलीने गिरवायला सांगा: कनेटिकट, हडसन, डेलावेअर, सस्क्वेहाना, पोटोमॅक, जेम्स, रोअनोक, सव्हाना, अल्टमाहा. पलीकडे जाणाऱ्या तपकिरीने: अ‍ॅलेगेनी, मोनोंगहेला, न्यू, होल्स्टन, फ्रेंच ब्रॉड, चॅटहूची. आता निळ्या आणि तपकिरी टोकांच्या मधून, एकही नदी न ओलांडता, तिसऱ्या थरावर रेघ न्यायची. नदी ओलांडली की रेघ चुकली, हे मुलांना स्वतःच तपासता येतं.

तीन ठिकाणी अडतं. पहिलं न्यू नदीपाशी. ती नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात उगम पावते आणि पर्वतरांग कापत वायव्येला कनॉवामार्गे ओहायोला मिळते. घाईत मुलं तिला निळी करतात आणि रेघ फार पश्चिमेला सरकते. दुसरं उत्तर पेनसिल्व्हेनियात. तिथे अ‍ॅलेगेनी, सस्क्वेहानाचा एक फाटा आणि ऑन्टारिओ सरोवराला जाणारी जेनेसी यांचे उगम अगदी जवळजवळ आहेत. तिथे भिंग आणि मोठ्या प्रमाणाचा नकाशा हवा. तिसरं मोहॉक नदीपाशी. ती हडसनला मिळते, म्हणून घोषणेच्या शब्दांनुसार तिचं खोरं वसाहतींच्या बाजूला पडतं, जरी तिथे मोहॉक लोकच राहत होते. हा विरोधाभास नकाशावर तसाच राहू द्या, चर्चेला तोच कामाचा आहे.

याच थरावर घोषणेतल्या नव्या वसाहतीही येतात: क्युबेक, पूर्व फ्लोरिडा, पश्चिम फ्लोरिडा आणि ग्रेनाडा. क्युबेकचा आकार पाहून मुलं चकित होतात. सेंट लॉरेन्सभोवतीचा तो एक पट्टा होता. पंचमहासरोवरं त्यात नव्हती. क्युबेक ओहायोपर्यंत पसरलं ते १७७४ च्या कायद्याने. दोन्ही फ्लोरिडांमध्ये अ‍ॅपलाचिकोला नदी. पश्चिम फ्लोरिडाची उत्तर सीमा ३१° उत्तर अक्षांशावर. पुढच्याच वर्षी ती उत्तरेला यझू नदीच्या मुखापर्यंत सरकवली. तुमच्या थरावर १७६३ लिहिलं असेल तर ३१° च ठेवा.

मूळ रहिवाशांचे प्रदेश कसे दाखवायचे?

दाखवायचेच, आणि पहिल्या थरापासून. पॅरिसमध्ये त्यांच्यापैकी कुणी सही करायला नव्हतं, पण रंग भरलेल्या भूमीचा मोठा भाग त्यांच्याच ताब्यात होता. फ्रेंचांचे किल्ले होते, व्यापारी ठाणी होती, नद्यांवरच्या वाटा होत्या. मधल्या हजारो चौरस किलोमीटरवर हुकूम चालत नव्हता. म्हणूनच युरोपीय रंग फिका भरा आणि सूचीत ‘दावा’ असा शब्द वापरा.

नावं सीमारेषेत कोंडू नका. त्या प्रदेशावर पसरून लिहा, अक्षरं लांबलांब ठेवून: हॉडेनोशॉनी (सहा राष्ट्रांचा संघ) ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिणेला, शॉनी आणि लेनापे ओहायोकडे, ओडावा वरच्या सरोवरांभोवती, चेरोकी दक्षिण अ‍ॅपलाचियनमध्ये, मस्कोगी, चोक्टॉ आणि चिकासॉ त्याच्या खाली. आज गावं कुठे, शिकार कुठे, याच्या काटेकोर रेषा आखायला गेलात तर ज्या चुकीबद्दल आपण शिकवतो आहोत तीच करून बसाल.

मे १७६३ मध्ये ओडावांचा नेता पाँटिअ‍ॅकच्या नेतृत्वाखाली डेट्रॉईटला वेढा पडला. किल्ल्याच्या चिन्हापाशी ही तारीख लिहा. पॅरिसची तारीख फेब्रुवारी, वेढ्याची मे, घोषणेची ऑक्टोबर. तिन्ही ओळीने वाचल्या की लंडनला एवढ्या घाईने रेषा का आखावी लागली, याचं उत्तर मुलंच देतात. ही रेषा फार टिकली नाही. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्स करारात ती ओहायो नदीपर्यंत सरकली.

कॅरिबियन बेटं घ्यायची का? फार गोंधळ होतो.

घ्या, पण एका चौकटीत आणि दहा मिनिटांत. ग्वादलूप, मार्टिनिक फ्रान्सला परत. सेंट लुसिया फ्रान्सकडे. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका, टोबॅगो ब्रिटनकडे. मग एकच प्रश्न विचारा: अख्खा कॅनडा सोडून फ्रान्सने ही चिमुकली बेटं का मागून घेतली? उत्तर साखरेत आहे.

भारताचा नकाशा जोडावा का?

जागा असेल तर जरूर. अकरावं कलम आपल्याबद्दल आहे. १७४९ च्या सुरुवातीला फ्रेंचांकडे ज्या वखारी होत्या त्या त्यांना परत मिळाल्या. नंतर मिळवलेलं त्यांनी सोडलं. बंगालमध्ये तटबंदी आणि सैन्य ठेवायचं नाही, असं कबूल केलं. पाँडिचेरी, कारिकल, यानम, माहे आणि चंद्रनगर असे पाच निळे ठिपके द्या. सलग रंग नको, हा प्रदेश नव्हता, ठाणी होती.

याच कलमात सलाबतजंगाला दख्खनचा सुभेदार म्हणून मान्यता दिली आहे. प्रत्यक्षात त्याचा भाऊ निजाम अली याने त्याला १७६२ मध्येच कैदेत टाकलं होतं. पॅरिसमध्ये बसलेल्यांना दख्खनची खबर किती जुनी मिळत होती, हे औरंगाबादकडच्या मुलांना सांगाल तर ती कान टवकारून ऐकतात.

संगणकावर करायचं असेल तर?

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. नद्या-सरोवरांसाठी नॅचरल अर्थचा विदा घ्या, त्यावर कुणाचा हक्क नाही. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आधी बदला. वेबवरच्या नेहमीच्या मर्केटरमध्ये हडसन उपसागराचा भाग भलताच फुगतो आणि ‘ब्रिटनला किती मिळालं’ याचा अंदाज चुकतो. उत्तर अमेरिकेचं अल्बर्स समक्षेत्र प्रक्षेपण निवडा.

जुन्या नकाशावर काम करायचं तर जॉन मिचेलचा १७५५ चा नकाशा घ्या. त्याची उत्तम प्रत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मिळते. तो जागेवर बसवताना आठ-दहा खुणा द्या: केप हॅटरस, हडसनचं मुख, क्युबेक शहर, ओहायोचा उगमसंगम, फ्लोरिडाचं टोक अशा. सगळ्या खुणा किनाऱ्यावर घेतल्या तर पश्चिमेकडचा भाग वेडावाकडा ताणला जातो, कारण आतल्या भागाचं मोजमाप तेव्हा झालेलंच नव्हतं.

मुलांनी बहुभुज काढताना स्नॅपिंग (शेजारच्या कडा एकमेकींना चिकटवणारी सोय) चालू आहे ना ते पाहा. ते बंद राहिलं की दोन रंगांमध्ये पांढऱ्या फटी पडतात.

आणखी कोणत्या चुका तपासायच्या?

अमेरिका-कॅनडामधली ४९° ची सरळ रेघ: ती १८१८ ची, इथे नको. हडसन उपसागराभोवतीचा प्रदेश फ्रेंच रंगात: तो आधीपासून ब्रिटिश कंपनीकडे होता, युद्धाने बदलला नाही. सूचीत फक्त रंग आहेत, रेषांचे प्रकार नाहीत: सलग, तुटक आणि तिरप्या रेघा या तिन्हींचा अर्थ लिहिलेला हवा. तारीख नसलेला थर परत द्या.

गुण कसे द्यायचे?

वीस गुण धरले तर आमची वाटणी अशी: रेषेला कलमाचा क्रमांक आणि योग्य जागा यांना ८, सूचीला ४, जलविभाजकाला ४ आणि लेखी उत्तराला ४. सुबक रंगकामाला वेगळा गुण ठेवू नका. चित्रकला चांगली असलेलं मूल नाहीतर कलम न वाचताच पुढे जातं.

लेखी उत्तरासाठी एक प्रश्न पुरतो: ‘तुमच्या नकाशावरची एक रेषा निवडा. ती कुणी आखली, कोणत्या कागदावर आखली, आणि त्या दिवशी तिथे राहणाऱ्यांपैकी किती जणांना ती माहीत असेल?’ फ्लोरिडातले बहुतेक स्पॅनिश रहिवासी बोटीत बसून क्युबाला निघून गेले, सेंट लुईसवाल्यांना महिनोन्‌महिने पत्ता नव्हता, ओडावांना कुणी विचारलंच नाही. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. गुण द्यायचा तो कारण सांगितल्याचा.